‘सरळ जा’ म्हणाली आणि झोपली

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (कागदावरच. खरोखर ठेवलं तर कंबर परत सरळ करायला दाजींना बोलवावं लागेल, आणि त्यांचा गुडघा अजून कुरकुरतोय असं ऐकतो.) दाजींना नमस्कार, गुडघ्याला आराम, आणि तुझ्या त्या मांजरीला माझ्यापासून लांब राहण्याचा आशीर्वाद. फोन सोडून हा पत्र का लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की समोरचा फोनवर जे बोलतो ते तू मोठ्याने परत म्हणतेस. मागे तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर तुझ्या शेजारणीने मला परस्पर मलम पाठवलं. मलम उत्तम होतं, प्रश्न तो नाही. तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाच आणि वाचताना ओठ हलवू नकोस. विषय सूनबाईचा आहे.

तू तिला तीन-चारदा भेटलीस, पण गाडीत बसलेली पाहिली नाहीस, म्हणजे काहीच पाहिलं नाहीस. ही बाई लोकांना गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसते, तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि तेवढ्या एका ब्रेकच्या भरवशावर ती रोज अनोळखी माणसांच्या हातात स्वतःचा जीव देते. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माझं वाहन नुसतं वर आणि खाली जायचं, तरी मला घाम फुटायचा. हिच्या गाडीत रडणारे येतात, स्टिअरिंगला घोरपडीसारखे चिकटणारे येतात, आणि एक बाई तर गिअर बदलताना डोळे मिटून घ्यायच्या. हिने कुणावर आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही. "हरकत नाही, परत करू या," एवढंच म्हणते. (हे वाक्य आपल्या वडिलांना कुणीतरी शिकवलं असतं, तर मला गणित आलं असतं.)

तर चिरंजीव सुटी संपवून बोटीवरच्या त्यांच्या इंजिनरूममध्ये परत गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. काही आठवडे बरे गेले, मग माझ्या लक्षात येऊ लागलं की काहीतरी बिनसलंय. जी बाई कॉफी घेतल्याशिवाय चपला घालत नसे, तिने एका सकाळी भरलेला कप बेसिनमध्ये ओतला आणि नाक धरून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी माझी लोकरीची टोपी दोरीवर वाळत घातलेली दिसली. टोपी धुतलेली नव्हती, नुसतीच हद्दपार केलेली. कांदा परतायला घेतला की ती घर सोडून जिन्यात. कामाला निघताना बाथरूमला जाऊन यायची, कुलूप लावायची, पुन्हा कुलूप काढून बाथरूमला जायची. आणि संध्याकाळी आल्या आल्या सोफ्यावर पाठ टेकली की संपलं. पर्स खांद्यालाच.

यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी माणूस. (कंपनीच्या बोर्डावर माझा फोटो लागला होता. तू पाहिलास तो, डोळे मिटलेला.) मी शांतपणे विचार केला. थकवा आहे, सारखं बाथरूमला जावं लागतंय, म्हणजे हा मधुमेह! लागलीच साखरेचा डबा कपड्यांच्या कपाटात नेऊन ठेवला आणि बिस्किटं शेजारच्या शिंपिणीला देऊन टाकली. सूनबाई दोन दिवस बिनसाखरेचं दूध प्यायली, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याचीच साखर वाढलीय आणि बिचारा लपवतोय. दोघंही एकमेकांची काळजी घेत होतो, फक्त रोग भलतेच धरून.

आता मुख्य प्रसंग. माझे डोळ्यांचे थेंब संपले होते, म्हणून ती म्हणाली, शिकवणीच्या गाडीतच मागे बसा, वाटेत औषधाच्या दुकानाशी सोडते. गाडी चालवत होते एक दंतवैद्य. अतिशय आज्ञाधारक माणूस. दुसऱ्याला ‘आ करा’ सांगून सांगून थकलेले असल्यामुळे असेल, पण स्वतःला कुणी काही सांगितलं की त्यांना फार बरं वाटायचं. चौक ओलांडल्यावर सूनबाई म्हणाली, "आता सरळ जा." म्हणाली आणि झोपली.

तर दंतवैद्य सरळ निघाले. औषधाचं दुकान मागे गेलं. शाळा गेली, लाकडाची वखार गेली, दवाखान्याची पिवळी भिंत गेली. मला वाटलं, काहीतरी नवीन धडा असेल. घरं विरळ झाली. दोन्ही बाजूंना शेतं लागली. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "अहो, आपण चाललोय कुठे?" तर ते मान न वळवता म्हणाले, "मॅडमनी सरळ सांगितलंय." मग मी सूनबाईकडे नीट पाहिलं. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. अक्का, लिफ्टची दोरी तुटावी तसं झालं. तो एक ब्रेक झोपला होता! हाक मारावी तर दंतवैद्य दचकतील, न मारावी तर हे गृहस्थ समुद्र लागेपर्यंत सरळ जातील. या विचारात मी असतानाच बाजूला पेट्रोलपंप आला, काचेच्या फटीतून वास आत शिरला आणि ती ताडकन जागी झाली.

आणि इथे तिची खरी जात दिसली. एका क्षणात तिने रस्ता पाहिला, आरसा पाहिला, मला पाहिलं. "इंडिकेटर द्या. वेग कमी करा. डावीकडे थांबवा. छान." गाडी थांबली तशी ती खाली उतरली, झुडपाआड गेली, उलटी करून आली, तोंड धुतलं, सीटवर बसली आणि म्हणाली, "मला डोळा लागला. ही माझी चूक, तुमची नाही. असं व्हायला नको होतं. आजचा धडा इथेच थांबवू या, परतीची गाडी मी चालवते." दुसरी कुणी असती तर काहीतरी थाप मारली असती. मी तर मारलीच असती, माझ्या डोक्यात तीन तयार होत्या. दंतवैद्य मात्र भारावून म्हणाले, "मॅडम, पण मी इतकं लांब आलो?" त्यांची मोठ्या रस्त्याची भीती तिथे कायमची गेली. मग घसा खाकरून म्हणाले, "मी डॉक्टर आहे. म्हणजे दातांचा. पण माझ्या बायकोला सुरुवातीला अगदी असंच..." आणि वाक्य अर्धवट सोडून ते लाल झाले. सूनबाईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या एका खांबाकडे असा बघत राहिलो, जणू आयुष्यात खांब पाहिला नव्हता.

मधुमेह तिथेच बरा झाला. पण पुढे काय? मागच्या खेपेचं तुला माहीतच आहे. तेव्हा कळल्याच्या संध्याकाळीच आपण सगळ्या गोतावळ्याला कळवलं होतं, आणि काही आठवड्यांत सगळं संपलं. त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. आता मी तिला विचारणार कसं? सासू असती तर गोष्ट वेगळी. मी दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंना म्हटलं, ती चाचणी द्या. त्यांनी विचारलं, शुगरची? मी भिऊन हो म्हटलं. मागे लोक उभे होते. मग खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, मग एक थर्मामीटर, मग कापूस. शेवटी दुकान रिकामं झालं तेव्हा काउंटरवर वाकून म्हटलं, "बाई, दिवस राहिलेत का ते बघायचं असतं ती." त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. उलट नीट समजावून सांगितलं की पाळीची तारीख उलटल्यावरच चाचणी करायची, त्याआधी केली तर दिवस राहिलेले असूनही ‘नाही’ दिसू शकतं. सकाळची पहिली लघवी घ्यायची. ‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करायची. नुसत्या उलट्या किंवा थकव्यावरून काही ठरवायचं नाही, ते दुसऱ्या कशानेही होतं. आणि पोटात जोराने दुखलं किंवा रक्त गेलं, तर चाचणीबिचणी सोडून थेट डॉक्टरकडे. मी विद्यार्थ्यासारखी मान डोलवत होतो.

घरी येऊन ती पुडी बाथरूममध्ये टूथपेस्टशेजारी ठेवली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. ती आत गेली, बाहेर आली, पुडी हातात. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, पेपर उलटा आहे."

मी सुलटा केला.

"मी केली होती एकदा. तारखेच्या आधीच. धीर धरवेना. ‘नाही’ दिसलं. मग पाळीही आली नाही, तर वाटलं, टेन्शननेच लांबली असेल."

"मग पुन्हा कर ना."

"भीती वाटते," ती म्हणाली. अक्का, जी बाई झोपेतून उठून डावीकडे गाडी घ्यायला लावते, ती हे म्हणाली. "मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, आणि मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. ते दुसऱ्यांदा सांगणं फार जड गेलं."

मी म्हटलं, "हरकत नाही, परत करू या." ती हसली, आणि मग जरा रडली. मी कापूस पुढे केला.

सकाळी ती बाथरूममधून आली आणि ती पट्टी टेबलावर ठेवली. चष्मा घालून मी वाकलो. एक रेघ ठसठशीत, दुसरी अगदी पुसट. विचारलं, ही रेघ आहे की माझ्या काचेवरचा ओरखडा? "पुसट असली तरी रेघच आहे, बाबा," ती म्हणाली आणि खाली बसली. चिरंजीवांना फोन लावला तर बोटीवरून फक्त खरखर. शेवटी मी "दोन रेघा! दोन!" असं ओरडलो आणि फोन कटला. त्याचा निरोप आला की जुळं आहे का. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून शिक्कामोर्तब केलं, गोळ्या दिल्या, आणि मागचा प्रसंग ऐकून म्हणाल्या, थोडंसं जरी वेगळं वाटलं तरी विचारायला या, संकोच करू नका. सूनबाईने त्याच दिवशी गाडीच्या शाळेत जाऊन स्पष्ट सांगितलं की सध्या झोप अनावर होते, मी शेजारी बसणार नाही, वर्गात रस्त्याचे नियम शिकवीन. झोपेचं कारणही सांगितलं नाही आणि माफीही मागितली नाही. दंतवैद्य आता फळ्यासमोर पहिल्या बाकावर बसतात. मला विचारशील तर आपल्या सबंध घराण्यात इतकं सरळ माणूस झालं नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवलास तर सांभाळायला मी समर्थ आहे.

तुझा धाकटा

ता. क. अजून कुणाला सांगायचं नाही, असं तिचं म्हणणं आहे. फक्त तुला कळवायची परवानगी मिळाली आहे, तीही मी मागितली म्हणून.

ता. क. २. खरं काम राहिलंच. या महिन्याच्या शेवटी सोनोग्राफी आहे. पडद्यावर ठोका दिसतो का ते बघणार. तिच्याबरोबर आत एकालाच सोडतात. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चला." मी सासरा, पुरुषमाणूस, मी आत कुठे? तेव्हा तू ये. तुझं तिकीट मी काढतो.

ता. क. ३. तू येऊ नकोस. पाकीट बंद करायच्या आधी तिला विचारलं की अक्का आली तर चालेल का. ती म्हणाली, चालेल की, पण मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा मीच जातोय. शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. तिथे आत उभं राहिल्यावर आपल्या हातांचं काय करायचं असतं, तेवढं उलट टपाली कळव.