न्हाणीघरातले तीन ट्राउट

पुलाजवळचं घर, मोंटाना
१४ ऑगस्ट

आदरणीय आर्नेदादा यांस,

धाकट्या गुड्रनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची खोकल्याची ढास थांबली का? तुझ्या शेतातल्या लसूणघासाची मात्र चौकशी करत नाही. तो नदीच्या तीन मैल खालून, माझ्या घरून, चष्म्याशिवायही हिरवागार दिसतो. (चष्म्याचं काय झालं ते पुढे येतंच.)

गेल्या सोमवारी सकाळी कॉफी पिता पिता मला बहिरेपण आलं. सत्तर वर्षं खिडकीखाली चाललेली नदीची बडबड एकदम बंद! कानात कोमट तेल घातलं, मग साठ मैल गाडी हाणत बोझमनला कानाच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, आजी, तुमचे कान तरण्या पोरीसारखे आहेत. घरी येऊन बघते तर गप्प झाली होती ती नदीच. दगड उघडे पडलेले, त्यांना चिकटलेली पाणकिड्यांची घरकुलं वाळून कुरकुरीत. उरलंसुरलं पाणी तेवढं पुलाखालच्या डोहात (आपण बाबांची राख सोडली तोच), तेही अंघोळीला काढल्यासारखं कोमट. त्यात साठेक ट्राउट मासे दाटीवाटीने, तोंडं वासून, कोणी इकडे बघतोय, कोणी तिकडे. माझी सावली त्यांच्या अंगावर पडली, तरी एकही पळाला नाही. सावलीला न घाबरणारा ट्राउट मी जन्मात पाहिला नव्हता. मला भीती वाटली, दादा.

म्हणून चर्चच्या जेवणावळीचं मोठं पातेलं घेऊन डोहात उतरले, शेवाळावरून सपशेल घसरले, चष्मा फुटला आणि तीन मासे हाती लागले. ते न्हाणीघरातल्या टबात सोडले, पेट्रोल पंपावरून आणलेला बर्फ ओतला, नळ बारीक सोडला. शेजारचा हार्लन आत डोकावून म्हणाला, "अगं बाई, लोक मासे तळतात, तू त्यांना न्हाऊ घालतेस होय!" मग त्याने टबात पाहिलं आणि तो टोपी काढून उभा राहिला. तिघेही एका रांगेत, नदीत येणाऱ्या धारेकडे तोंड करून राहतात तसे नळाकडे तोंड करून, जागच्या जागी. "नळ बंद कर बरं जरा," तो म्हणाला. मी केला. थोड्या वेळाने तिघेही सावकाश वळले आणि आमच्याकडे बघत राहिले. (हार्लन जो घरी गेला तो अजून आलेला नाही. माझ्यासाठी आणलेल्या सफरचंदाच्या पाईची थाळी इथेच विसरलाय.) चार दिवस मी अंघोळ केली नाही. कोणी असं बघत असताना कशी करणार?

बाकी सर्व क्षेम. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी,
गुड्रन

ता. क. : नदीतून तुझ्या शेतात पाणी नेणाऱ्या पाटाचं दार चार बोटं खाली घे. पत्र त्यासाठीच लिहिलं. पाण्यावर तुझा हक्क आजोबांच्या वेळचा, कागदावर पक्का आहे, ते मला ठाऊक आहे. पण डोह आणखी आठवडाभर टिकणार नाही.

दुसरा ता. क. : खरं सांगून टाकते. माझ्या पाटाचंही दार सताड उघडंच होतं. कानाच्या डॉक्टरसमोर बसले होते, तेव्हाही माझ्या घासाला पाणी चालू होतं. काल सकाळी ते पूर्ण बंद केलं. घास जळेल, जळू दे. दुपारपर्यंत डोहात बोटभर धार आली, तेव्हा टबातले तिघेही तिथे नेऊन सोडले. धार लागताच सगळे मासे एकदम वळले. कालपासून त्या सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला, तुझ्या घराकडे आहेत. मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही.