साखरझोप बचाव मोहीम

३ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून नियमित रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी. पुढे लोकांना शोधाशोध नको.

पार्श्वभूमी. ‘साखरझोप’ हा आम्हा मधुमेह्यांचा ऑनलाइन ग्रुप. सभासद चारशे बारा. चालवतात एक निवृत्त नर्स, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. काल त्यांनी लिहिलं की वेबसाइटचं वर्षाचं भाडं दुप्पट झालंय, आजवर पेन्शनमधून भरत आले, आता झेपत नाही. महिनाअखेरपर्यंत सोय झाली नाही तर ग्रुप बंद करावा लागेल. कोणी हातभार लावेल का.

मी तिसऱ्या मिनिटाला होकार कळवला. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं थकबाकीची वसुली केली आहे. दुसऱ्याच्या खिशात हात घालताना माझा हात कधी कापला नाही. सिस्टर म्हणाल्या, फार काही नको, एक साधी पोस्ट टाका. बाई मनाने चांगली आहे, पण दृष्टी नाही.

उपाशीपोटी साखर १९२. मशिन जुनं झालंय.

५ मार्च
आधी सभासदांचं मत. लोकशाही मार्ग. फीडबॅक फॉर्म तयार केला, प्रश्न एक्केचाळीस. बायकोला वाचायला दिला. (ती पोस्टात आहे. दारोदार टपाल वाटते, त्यामुळे लोकांची नस तिला कळते असा तिचा समज आहे.) तिने विचारलं, प्रश्न सतरा: ‘आपण वर्गणी का देत नाही? अ) विसरतो, ब) टाळतो, क) वृत्तीच तशी आहे’, यात भल्या माणसाने खूण कुठे करायची? मी म्हटलं, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. ती पिशवी उचलून कामावर गेली. निरुत्तर.

८ मार्च
चारशे बारापैकी नऊ जणांनी फॉर्म भरला. खात्यात माझ्या नोटिशीला चार उत्तरं आली की साहेब पेढे मागायचे, त्या मानाने नऊ म्हणजे लाटच. उरलेले चारशे तीन: मूक संमती.

सहा जणांनी तिसऱ्या प्रश्नाशी फॉर्म सोडला. म्हणजे पहिले दोन आवडले.

कडूशेठ नावाचा एक सभासद आहे. सत्तावीस वर्षं इन्शुलिन घेतोय, पण त्याची भाषा सुईपेक्षा जास्त टोचते. त्याने एक्केचाळीसपैकी एकही उत्तर दिलं नाही. ‘इतर सूचना’मध्ये फक्त एवढंच लिहिलं, सिस्टरांचा खाते नंबर टाका आणि बाजूला व्हा. अहवालात नोंद केली: ‘ज्येष्ठ सभासद मोहिमेबाबत उत्सुक.’

११ मार्च, दुपार
योजना क्रमांक एक: केकविक्री. जगात सगळीकडे चांगल्या कामासाठी केक विकतात. ग्रुपवर घोषणा केली. कडूशेठने विचारलं, पुढच्या महिन्यात दारू सोडणाऱ्यांसाठी वाइनचा स्टॉल लावणार का. एकशे चौदा जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. माझ्या पोस्टवर इतकी गर्दी पहिल्यांदाच झाली.

सिस्टरांनी खाजगीत कळवलं की केक नको. पण बेकरीवाल्याकडून सहा नमुने आधीच आणले होते. जबाबदारीच्या जागेवर बसलेल्या माणसाला नमुने तपासावेच लागतात. चॉकलेटचा दोनदा तपासला, पहिल्यांदा नीट लक्ष नव्हतं.

सायंकाळ
साखर २८७. बोटाला आयसिंग लागलं असणार. हात धुऊन दुसऱ्या बोटातून घेतली. २९१. दुसऱ्यालाही लागलं असणार.

बायकोने विचारलं की आज किती. मी म्हटलं, मोहीम जोरात आहे.

१४ मार्च
योजना क्रमांक दोन, आणि ही माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम कल्पना. रोज दहा हजार पावलं चालायची, सभासदांनी पावलांमागे वर्गणी बोलायची. पैसाही येईल, प्रकृतीही सुधारेल. एका दगडात दोन पक्षी. पावलं मोजायचं घड्याळ घेतलं. ते ग्रुपला जोडलं, म्हणजे आकडे आपोआप सगळ्यांना दिसतील. उद्या पहाटे पाचपासून.

१५ मार्च, सकाळी ९.२०
पहाट अंमळ लवकर झाली. उद्यापासून.

१६ मार्च
गुडघा. शिवाय नवे बूट आधी घरात वापरून सैल करावेत असं दुकानदार म्हणाला होता. सोफ्यावर बसून दीड तास सैल केले.

मग विचार केला. प्रश्न तत्त्वाचा आहे. संसार एक, शिधा एक, वीजबिल एक, मग पावलं वेगळी कशी? बायको रोज टपाल वाटत मैलोन्‌मैल हिंडते आणि ती पावलं निव्वळ वाया जातात. घड्याळ तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं. तिला सांगायचं राहून गेलं.

१७ मार्च
१८,३४०! ग्रुपवर कौतुकाचा पाऊस. एकाने लिहिलं, काका, तुमच्यामुळे मीही आज जिना चढलो. डोळे भरून आले. चालण्याचं महत्त्व यावर तीनशे शब्दांचा लेख लिहून टाकला, पायाखाली उशी घेऊन.

१९ मार्च
कडूशेठ हा विघ्नसंतोषी माणूस आहे. त्याने ग्रुपच्या पडद्याची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एकात, घड्याळाच्या नोंदीप्रमाणे, अकरा वाजून दहा मिनिटांनी मी झपाझप चढ चढतोय. दुसऱ्यात अकरा वाजून दहा मिनिटांनीच मी ग्रुपवर दोन्ही हातांनी लेख लिहितोय. मी उत्तर दिलं की सरावाने जमतं.

घड्याळ बायकोला सापडलं. ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, पावलं घ्या माझी, साखर पण माझीच दाखवा डॉक्टरांना. मग हसत बसली. मी कामात होतो.

२० मार्च
महिनाअखेर जवळ आली, जमा फारशी नाही. प्रेमाने सांगून झालं, आता खात्याची पद्धत. सिस्टरांनी विश्वासाने पासवर्ड दिलाच होता. सुवर्णसंधी.

आता ‘साखरझोप’ उघडलं की आधी माझा फोटो येतो, पूर्ण स्क्रीनभर. खाली आवाहन. दीड मिनिट पुढे जाता येत नाही. मग दोन बटणं: ‘वर्गणी देतो’ आणि ‘मला लाज वाटत नाही, पुढे जा’.

फोटो निवृत्तीच्या समारंभातला आहे. हारासकट.

२२ मार्च, सकाळी
फीडबॅकचा महापूर. दोन दिवसांत एकशे साठ संदेश. फॉर्मला नऊ आले होते. याला म्हणतात सहभाग. अजून वाचले नाहीत, आधी आकड्याचा आनंद घेतो आहे.

दुपार
सिस्टरांचा फोन आला. एरवी त्या लिहून कळवतात.

ग्रुपवर एक नवी आई आहे. मुलगी सात वर्षांची, इन्शुलिन सुरू होऊन बारा दिवस झालेत. काल संध्याकाळी मुलीची साखर ५४ वर आली. अंगाला घाम, हात थरथरतायत, आई एकटी. डॉक्टरांनी समजावलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. तिने ग्रुप उघडला, कारण सिस्टरांनी तिच्यासाठी सगळं पायरीपायरीने तिथे लिहून ठेवलंय. समोर मी. हारासकट. दीड मिनिट.

मग तिने ते बटण दाबलं. मला लाज वाटत नाही, पुढे जा.

सिस्टरांचा लेख उघडला. मुलीला साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ८९ आली. मुलगी आता ठणठणीत आहे, चित्रं काढतेय असं सिस्टर म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. पासवर्ड बदललाय, एवढंच म्हणाल्या.

मी तांत्रिक अडचणीबद्दल बोलायला लागलो. मग थांबलो.

२३ मार्च
एकशे साठ संदेश वाचले. सगळे. जेवण गेलं नाही.

नव्या आईचाही होता, तीन ओळींचा. तुम्ही ग्रुपसाठी किती धडपडताय ते कळतं, तुमच्यामुळे ग्रुप वाचला तर आमच्यावर उपकार होतील, फक्त तो फोटो जरा लहान करता आला तर बघा. कडूशेठने चार पानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

२६ मार्च
रक्कम पूर्ण! पाच दिवस शिल्लक असताना! सिस्टरांनी सकाळी जाहीर केलं. मी उठून खोलीभर फिरलो. शेवटी खात्याची पद्धतच कामी आली. सुरुवातीला लोक कुरकुरतात, पण मनात बी रुजलेलं असतं. बायकोला आवाज दिला, आभाराच्या भाषणाचा मसुदा सांगायला बसलो.

तिने विचारलं की पैसे कधी आले. मी म्हटलं, तेवीस तारखेच्या सकाळपासून दोन दिवसांत. ती म्हणाली, म्हणजे तुमचा फोटो काढल्यावर.

यादी उघडून पाहिली. सिस्टरांनी तेवीसला एक साधी पोस्ट टाकली होती. खाते नंबर, दोन ओळी, आणि एक वाक्य: यापुढे वर्गणीचं काम मी स्वतः पाहीन. वर्गणीदार दोनशे अडतीस. काहींनी सोबत शब्दही लिहिलेत. ‘आनंदाने.’ ‘फोटो परत न येण्यासाठी.’ ‘आधीच सांगायचं होतं ना सिस्टर.’ एकाने दोनदा भरलेत, दुसऱ्यांदा लिहिलंय, खात्री म्हणून.

भाषणाचा कागद बायकोने किराणा यादीला घेतला. मागची बाजू कोरी होती.

२७ मार्च, सकाळी ६.३०
उपाशीपोटी २४४. नवीन मशिन आहे. हात धुतलेले होते.

पाच वर्षं सभासद आहे, आजवर एकदाही प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला. लिहिलं, २४४ आली आहे, गेले कित्येक दिवस अशीच येते, मी लपवत होतो, भीती वाटते, काय करू. तीन वेळा खोडून चौथ्यांदा टाकलं.

कडूशेठ काय म्हणेल म्हणून फोन पालथा ठेवला.

सात मिनिटांत पहिलं उत्तर आलं. नव्या आईचं. सगळं नीट मांडलं होतं: काल काय खाल्लं, औषध कधी घेतलं ते लिहून ठेवा, पाणी प्या, आकडा घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, आणि काका, मोजायला घाबरू नका, माझी मुलगी दिवसातून सहा वेळा मोजते, रडत नाही. कडूशेठने खाली एवढंच लिहिलं, बरोबर सांगतेय ती, ऐका.

सायंकाळ
डॉक्टरांनी गोळी बदलली, आहार लिहून दिला, आणि चाला म्हणाले. आजच सुरुवात केली. स्वतःच्या पायांनी, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. घड्याळाने ६१२ पावलं दाखवली. खरी आहेत.

येताना रिक्षा केली.