मैदान गहाण टाकण्याआधी

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघ्याचं दुखणं कसं आहे? जिने चढू नकोस.

इकडे क्लबचं बरं चाललंय. रविवारी जिंकलो, स्टेडियम खचाखच भरलं होतं. आणि आज सकाळी कपडे धुणाऱ्या मावशी विचारत होत्या, "बाई, साबण आता मी घरून आणू का?"

बरं चाललेलं नाही, दादा. नव्या मालकांनी क्लब घेताना स्वतःच्या खिशातून नावापुरतेच पैसे घातले. बाकी सगळं कर्ज, आणि तेही क्लबच्याच डोक्यावर. नवरदेवानं उधारीवर लग्न करायचं आणि फेडायचं नवरीनं! तिकिटांचा पैसा आला की व्याजात जातो. मुलींचा संघ बंद झाला, गोलकीपर विकला. आता मैदान गहाण टाकायचं म्हणतात. कशासाठी? जुनं व्याज भरायला.

परवा मालकांनी मला, म्हणजे क्लबच्या हिशेबनिसाला, बोलावलं. "क्लब सगळी देणी फेडू शकतो, बँकेच्या या कागदावर एवढी सही करा."

"नाही फेडू शकत," मी म्हटलं.

ते हसले. "तुमचे बंधू माझ्या बाजूचे आहेत. घरी विचारून बघा."

घरी कसं विचारू? तू बाबांचे शेअर त्यांना विकलेस, तेव्हापासून आपण धड बोललोय कुठे? त्यांनी नव्या गॅलरीचं चित्र दाखवलं, तू हरखलास. दोष देत नाही. थोडा देते.

मी सही केली नाही. राजीनामा दिला. मग खेळाडूंना बसवून सगळं सांगितलं. कर्णधार म्हणाला, "ताई, म्हणजे आम्ही जिंकूनही हरतोय?"

उद्या संचालकांची बैठक. दोघं गहाणाच्या बाजूनं, दोघं विरुद्ध. राहिलास तू, पाचवा संचालक. क्लबचा ड्रायव्हर हे पत्र आजच तुझ्या हातात देईल.

भांडली तरी तुझीच,
छोटी

---

१४ मार्च

छोटे,

मी विरुद्ध मत दिलं. मैदान वाचलं, क्लबचं सांगता येत नाही.

मालक उसळले, "मग हप्ता कुठून भरू?"

"कर्ज तुम्ही काढलंत, तुम्हीच सांगा," म्हटलं.

माझी खुर्ची काढून घेतली. महिनाअखेरीस हप्ता चुकेल. मग बँक दुसरा मालक शोधेल, नाहीतर टाळं लावेल. खेळाडू पगार नसतानाही सरावाला आलेत. मी कठड्याशी उभा राहून बघत होतो. तू हवी होतीस.

शेअर विकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं.

तुझा,
माजी संचालक, आजी दादा