अभ्यागत कक्षातील सोफ्याचा उजवा हात

प्रति,
मा. औषध निरीक्षक,
औषध नियंत्रण कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : आपल्या अभ्यागत कक्षातील सोफ्याचा उजवा हात उसवून आत लपवलेले दम्याचे पंप बाहेर काढण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दम्याचे पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकले जातात, ही अर्जदाराची तक्रार.
२) सदर तक्रारीस डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नाही, हे आपले त्रुटीपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सोफ्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक खिडकी आणि दोन माणसे : अर्जदार व तिचा थोरला भाऊ (यापुढे 'दादा'). जुन्या सोफ्याचे कापड फाडायचे, कुजलेला फोम उपसायचा, नवा भरायचा, हे दादाचे काम. त्या धुळीने त्याचा दमा वाढत गेला. मागचा अर्ज 'मी, मी' असा लिहिल्यामुळे एकदा आपल्या आवक खिडकीवरूनच परत आला होता, म्हणून या वेळी अर्जदार स्वतःला अर्जदार म्हणत आहे. राग तेवढाच आहे.

२. आमच्याकडे दाराजवळच्या खिळ्याला कात्री, टेप आणि निळा पंप दोरीने टांगलेले असत. सुया, दोरा, खिळे आणायला बाहेर पडले की समोरच्या औषधवाल्या काकांकडून पंपही आणायचा, हा रिवाज. काका म्हणत, "चिठ्ठी कसली मागतेस गं, घरचीच माणसं आपण." पंप ओढला की दादा मोकळा होई आणि पुन्हा धुळीत हात घाली. त्यामुळे औषध चांगले लागू पडते आहे, असेच आम्ही धरून चाललो. एका दुपारी पंप नुसताच फुसफुसला. आवाज येत होता, पण आतले औषध संपले होते, आणि ते आवाजावरून कळत नाही. दादाचे ओठ काळेनिळे पडले. टेम्पोत एका गिऱ्हाइकाचा तयार सोफा चढवलेला होता. त्याच सोफ्यावर दादाला घालून अर्जदाराने रुग्णालय गाठले.

३. तेथील डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना फैलावर घेतले. हा पंप अडलेला श्वास तेवढ्यापुरता मोकळा करतो, नळ्यांची आतली सूज तशीच राहते. सूज उतरायला रोज घ्यायचे औषध वेगळे असते. आणि निळा पंप सारखा सारखा लागू लागला म्हणजे दमा हाताबाहेर चालला, असे समजायचे. "इतकी वर्षं तुम्हाला कोणीच विचारलं नाही, किती वेळा घेता म्हणून?" असे त्यांनी विचारले. कोणी विचारले नव्हते. चिठ्ठी मागितली असती तर दादाला कोणत्या तरी डॉक्टरसमोर बसावे लागले असते आणि तो प्रश्न निघाला असता. म्हणून अर्जदाराने तक्रार केली.

४. त्यावर आपल्या कार्यालयाने खरेदीची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. महोदय, चिठ्ठी नाही हीच तर तक्रार होती. अर्जदार दोन जिने चढून हे समजावायला आली असता लिपिकसाहेब म्हणाले, "ते बरोबर आहे, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही." पुढे आपले कोणीतरी काकांच्या दुकानात जाऊन आले. तेव्हापासून काका साऱ्या गल्लीला पूर्वीसारखाच पंप देतात, फक्त अर्जदाराला देत नाहीत. तिने चिठ्ठी नेली तरी उलटसुलट करून बघतात. काकांवर अर्जदाराचा डूख नाही. "दम लागलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवू?" हे त्यांचे म्हणणे तिलाही पटते. जीव घाबरा झालेल्याला पंप द्यावाच. पण तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा त्याला थांबवून डॉक्टरकडे धाडायला काय होते?

५. दादाने या तक्रारीवरून अर्जदाराशी बोलणे टाकले. "माझा श्वास आहे, तू कोण मोजणार?" हे त्याचे शेवटचे वाक्य. खिळ्यावरचा पंप क्वचितच हलताना दिसू लागला आणि अर्जदार मूर्खासारखी खूश झाली. मग दातांच्या दवाखान्यातून निरोप आला, की तुम्ही शिवलेल्या सोफ्याच्या हातात काहीतरी टोचते. बसायच्या जागेला दादाने धक्का लावला नव्हता, कारागीर आहे तो. पण दातांच्या दवाखान्यात माणसे सोफ्याचे हातच गच्च धरून बसतात, हे त्याच्या लक्षात आले नाही. अर्जदाराने शिवण उसवली. फोममध्ये, ओळीने, सात रिकामे निळे पंप होते. शेजारच्या केशकर्तनवाल्याकरवी तो चोरून आणवत होता आणि संपले की गिऱ्हाइकांच्या सोफ्यांत शिवून टाकत होता. अर्जदार तिथेच फरशीवर बसून रडली. डॉक्टरीणबाईंना तो "महिन्याला एखादा लागतो" असे सांगतो आणि त्या भरवशावर त्याचे औषध ठरते.

६. आपल्या कार्यालयाचा सोफा त्याच सुमारास कापड बदलायला आमच्याकडे होता. आपल्या उत्तराची वाट पाहत अर्जदार त्यावर कितीतरी वेळा बसली. गेल्या खेपेस तिने उजवा हात दाबून पाहिला, तर आत तसेच टोचले. शिपाईदादा म्हणाले, "बाई, सरकारी वस्तू आहे, उसवायची तर लेखी द्या." ते हे लेखी.

आपणास पुरावा हवा होता. पंपावरील बॅच क्रमांकावरून तो कोणत्या दुकानात गेला हे काढता येते, असे आपलेच लिपिकसाहेब सांगतात. तो पुरावा आपल्याच कार्यालयात आहे. मात्र अर्जदाराची खरी निकड वेगळी आहे. उसवण्याच्या दिवशी 'कारागिरास हजर राहण्याचे' पत्र दादाच्या नावे काढावे. बहिणीने बोलावले तर तो येणार नाही. पण आपली शिवण दुसऱ्या कोणी उसवलेली त्याला खपत नाही, त्यासाठी तो दोन जिने चढून येईल. वर पोहोचल्यावर त्याला किती धाप लागते, ते आपण फक्त बघावे. मग आपणच त्याला विचारावे, की किती वेळा घेता. निदान साहेबांना तरी तो खरे सांगेल.

हे लवकर व्हावे. अर्जदाराला रात्रंदिवस त्याच्या छातीची शिट्टी ऐकू येते आणि ती आता मशीनच्या आवाजातही लपत नाही.

आपल्या सोफ्यावर ताटकळलेली,
अर्जदार
(सही)
दिनांक : आवक खिडकी ज्या दिवशी घेईल तो.

सोबत :
१) दातांच्या दवाखान्यातील सोफ्यातून निघालेले पंप, नग सात.
२) रुग्णालयाचा कागद.
३) डॉक्टरांची चिठ्ठी (रकाना रिकामा राहू नये म्हणून).
४) बाकदार सुई व त्याच रंगाचा दोरा, सोफा परत शिवण्यासाठी.
५) दादाचा चालू पंप जोडलेला नाही. तो त्याच्या खिशातच राहू द्यावा.