पार्सरनं बैलाला दारू पाजली

५ जानेवारी २००४, राजुरी.
आजपासून पीएच.डी. निकरानं. माझा पार्सर म्हणजे मराठी वाक्य फोडून कोणी, काय, कोणाला केलं ते सांगणारा प्रोग्रॅम. अनेक अर्थ निघाले की सर्वांत शक्य वाटतो तो निवडतो. सहा वर्षं झाली. २६ मार्चला पुण्यात गाइड मॅडमपुढे डेमो. फसला तर रजिस्ट्रेशन रद्द. फसत नाही. अचूकता एक्क्याण्णव टक्के.

१९ जानेवारी.
अचूक आहे, पण बारा शब्दांच्या वाक्याला चाळीस मिनिटं. बायको यशोधरा आळ्याच्या शाळेत शिकवते. ती घरी आली तरी माझं तिसरंच वाक्य चालू. तिला समजावलं, संशोधनात घाई नसते.

२ फेब्रुवारी.
संशोधनात वेग हवाच. कमी शक्यतेचे अर्थ आधीच छाटून टाकले. आता दोन सेकंद. आईला दाखवलं. तिनं सांगितलेली गावातली बातमी टाइप केली: भिकानं दारू पिऊन पळणाऱ्या बैलाला धरलं. प्रोग्रॅमच्या मते दारू बैल प्यायला. आई म्हणाली, "त्यो बैल लई गरीब हाय रं. त्याच्यावर आळ नको घेऊ."
आईची वाक्यरचना सदोष.

२० फेब्रुवारी.
'व्हतं', 'न्हाई' आलं की प्रोग्रॅम बंद पडतो. निश्चय: काहीही आलं तरी उत्तर द्यायचंच. आता अडत नाही. किराण्याची यादी दिली, तर साबणानं गूळ खाल्ला. पण अडला नाही.

१५ मार्च.
वेग ठेवला, अचूकता बावन्न टक्के. अचूकता आणली, वेग गेला. दोन्ही आणलं, बंद पडला. यशोधरानं विचारलं, सव्वीसनंतर काय? सांगितलं, डॉक्टर जयवंत. ती वह्या तपासत राहिली.

२६ मार्च, दुपारी १.
मॅडमनी स्वतः वाक्य दिलं. दोन सेकंदांत उत्तर. न अडता. चूक. दुसरं चूक. तिसरं मी निवडलं, तेही. मॅडम हळू म्हणाल्या, "जयवंत, सहा वर्षं पुष्कळ झाली." आणि फाइल मिटली.

२६ मार्च, संध्याकाळ.
आळेफाट्याला उतरलो. यशोधरा स्टँडवर थांबलेली. तिनं विचारलं, "झालं?"
मी म्हणालो, "झालं."
तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ मिठाईच्या दुकानात शिरली. सांगायला हवं होतं. पहिला पेढा तिनं माझ्याच तोंडात घातला.