आनंदाबाईंची गोधडी

१८ नोव्हेंबर

विमल पडली. भाजी घेऊन येत होती, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. उजवं मनगट मोडलं. मी चौकात नानाजीसोबत चहा पीत बसलो होतो. फोन वाजला म्हणे, मला ऐकूच आला नाही. शेजारच्या आकांक्षानं तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी पोहोचलो तोवर प्लास्टर ओलं होतं.

मला पाहून विमल पहिलं काय बोलली? "आता आनंदाबाईची गोधडी कोन शिवन?"

हात मोडलाय, आणि हिला गोधडी.

२० नोव्हेंबर

गोधडीचं प्रकरण आज नीट समजलं. इतकी वर्षं घरात शिवण चालू आहे, मी कधी विचारलं नव्हतं.

आमच्या नालवाडीतल्या बायांचा एक गट आहे. आकांक्षा चालवते. ती बँकेत आहे, पण शिवणाचं वेड. दिवाळी झाली की चिठ्ठ्या टाकतात. जिचं नाव निघेल तिच्यासाठी आपल्या हातानं काही शिवायचं, आणि संक्रांतीनंतर सगळ्या जमतात तेव्हा तिळगुळासोबत द्यायचं. विकतचं चालत नाही. दुसऱ्याकडून शिवून घेतलेलंही चालत नाही.

विमलला चिठ्ठी निघाली आनंदाबाईंची. सेलूच्या, पण गटात पहिल्यापासून. लग्नानंतर आम्ही सेलूत भाड्यानं राहायचो तेव्हा त्या शेजारी. मी एसटीत ड्रायव्हर, आज इथे मुक्काम तर उद्या तिथे. विमल एकटी रडत बसायची. आनंदाबाईंनीच तिला जवळ घेऊन सुई हातात दिली. आता त्यांचं वय झालं, गुडघे धरतात. विमलनं त्यांच्यासाठी गुडघ्यावर घ्यायची लहान गोधडी योजली होती. तुकडे कापून ठेवलेत, शिवण सुरू व्हायचं होतं.

मी म्हणालो, आकांक्षाला सांगून टाक, हात मोडला, यंदा जमत नाही. विमल म्हणाली, "त्या बाईले मी नाई म्हनू?"

मग बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होती.

२१ नोव्हेंबर

"तुमी शिवा."

"मी?"

"तुमचे हात मोडले का?"

२३ नोव्हेंबर

आधी सराव. तवा धरायचं फडकं शिवायला दिलं. विमल खाटेवर, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. मी खाली चटईवर. सुईत दोरा ओवण्यातच अर्धी सकाळ गेली. विमल म्हणते दोरा जिभेनं ओला करा, मग म्हणते इतका नाई.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा पाहिजे म्हणे. माझा पहिला हरभऱ्याएवढा. पुढचे तुरीच्या शेंगेएवढे.

"सुई अशी ओढू नका जी. थे काय गिअर हाय का?"

फडकं पूर्ण झालं. उचलायला गेलो तर माझी लुंगीही सोबत आली. दोन्ही एकत्र शिवलं होतं. विमल इतकी हसली की प्लास्टर धरून बसली.

२४ नोव्हेंबर

सगळं उसवलं.

२८ नोव्हेंबर

घरातली कामंही आता माझ्याकडे. पोळ्या शेजारून येतात, भाजी मी करतो. विमल खाटेवरून सांगते — आता सांभार चिरून टाका, कोथिंबीर हो, आता झाका. आलू-वांगं आज खाण्यासारखं झालं होतं.

तिची वेणी घालून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तीन पेड धरायचे म्हणजे दोन हात कमी पडतात. केस बरेच पांढरे झालेत. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणवत नाही. पाहिलं नव्हतं.

१ डिसेंबर

आज खरी गोधडी हातात घेतली. खाली विमलचं जुनं मऊ लुगडं, मध्ये विरलेली चादर, वर तुकडे. आधी लांब लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवायचे, मग कडेनं धावदोरा सुरू करून आत आत जायचं. विमलनं सांगितलं ते मी केलं. माझ्या जुन्या वर्दीचा एक खाकी तुकडा मध्ये बसवू का म्हणून विचारलं.

"नको. आनंदाबाई कंडक्टर हाय का?"

५ डिसेंबर

दुपारभर बसलो होतो. चहाची वेळ कधी टळली कळलं नाही. गाडी चालवताना रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर असं व्हायचं — डोकं शांत, हात आपले चालताहेत.

विमल बोलत होती. मी तिसऱ्या मुक्कामावरून आलो तेव्हा आमच्या लेकीला, स्वीटीला, गोवर आला होता, ती गोष्ट. वायगावच्या जत्रेत तिनं एकटीनं बांगड्या भरल्या, ती गोष्ट. सगळ्या मला नव्या. ती म्हणे, मी सांगितल्या होत्या, तुम्ही पेपर वाचत होता.

९ डिसेंबर

नानाजी घरी आला. बरेच दिवस चौकात दिसलो नाही म्हणून. दार उघडंच होतं. मी मांडीवर गोधडी घेऊन बसलेला, चष्मा नाकावर.

"काय रे प्रभाकर, बांगड्याई भरून घेतल्या काय?"

आम्ही एका गाडीवर नोकरी केलेली. तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. त्याचं बोलणं मला लागत नाही एरवी. आज लागलं. गोधडी बाजूला ठेवली आणि त्याच्यासोबत चौकात गेलो.

१० डिसेंबर

चौकातच होतो. चौघांनी विचारलं. नानाजीनं सगळ्यांना सांगितलेलं.

११ डिसेंबर

शिवलं नाही.

१३ डिसेंबर

चौकातून लवकर आलो. विमलनं गोधडी घेतली होती. खाटेच्या कडेला बसून, कापड प्लास्टरखाली दाबून, डाव्या हातानं सुई घालायला पाहत होती. सुई नेमकी बोटात. लुगड्यावर रक्ताचा ठिपका. तिनं पदर लावून तो पुसला आणि पुन्हा सुई उचलली. मी दारात उभा आहे हे तिला दिसलं नव्हतं.

चप्पल काढली. तिच्या हातातून गोधडी घेतली.

"चौकात सारे हासन," ती म्हणाली.

"हासू दे."

ठिपका पाण्यानं निघाला नाही. विमल म्हणाली, थुंकी लावा, जिचं रक्त तिचीच थुंकी लागते. तिनं लावली. निघाला.

२० डिसेंबर

नानाजी पुन्हा आला. मी शिवत राहिलो. तो बोलला, मी ऐकलं, सुई थांबवली नाही. थोड्या वेळानं म्हणाला, दोरा संपला की सांग, ओवून देतो. त्याला ओवता आला नाही.

२९ डिसेंबर

स्वीटीचा पुण्याहून फोन. मी म्हणालो, आता ठेव, रांग अर्धी आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

४ जानेवारी

प्लास्टर निघालं. हात बारीक दिसतो, कातडी सोललेली. डॉक्टरांनी बोटं उघडझाप करायला सांगितली. बोटं थरथरतात. विमल म्हणाली कमजोरी आहे, इतके दिवस बंद होता हात.

मी म्हणालो, आता शेवटच्या रांगा तू घाल. नको म्हणाली. "दोघांचे टाके दिसले तं आनंदाबाई लगेच ओयखन."

खरी भीती तीच आहे तिला. नियम मोडला तो मोडलाच, पण जिनं शिकवलं त्या बाईलाच फसवायचं. मला तीनदा बजावलं, तिथे तोंड उघडायचं नाही.

१२ जानेवारी

गोधडी पूर्ण झाली. चारी कडांना गोट लावला. घडी करून दोघांच्या मध्ये ठेवली आणि नुसते पाहत बसलो.

१९ जानेवारी

आज कार्यक्रम होता, आकांक्षाकडे. मी विमलला सोडून परत निघणार होतो, पण सेलूहून आनंदाबाईंना ऑटोनं आणलं होतं, त्यांना पायऱ्या चढवायला मला थांबवलं. मग व्हरांड्यात खुर्चीवर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं, खिडकीतून दिसतही होतं.

विमलला गटातल्या वच्छलाबाईंनी सुया टोचून ठेवायची छोटी गादी दिली, बोराएवढे मणी लावलेली. विमल किती तरी वेळ ती हातात फिरवत होती. छान आहे म्हणाली.

मग तिनं गोधडी दिली. आनंदाबाईंनी ती उघडली, गुडघ्यावर पसरली, हात फिरवला. बायका वा वा म्हणाल्या. आनंदाबाईंनी मग गोधडी उलटी केली. उलट्या बाजूवर त्यांचं बोट हळूहळू एका रांगेवरून चाललं. मी खुर्चीतून उठलो.

"विमल," त्या म्हणाल्या, "हे तुये टाके नाईत."

विमल खाली पाहत होती. तिचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. सेलूत पहिल्या दिवशी दिसला होता तसा. मी उंबऱ्यात गेलो. बजावलेलं सगळं विसरलो.

"माझे आहेत," मी म्हणालो. "तिचा हात मोडला होता. ती सांगत होती, मी घालत होतो. नियम मोडला तो मी."

आकांक्षा काही म्हणणार होती, आनंदाबाईंनी हातानं थांबवलं. पुन्हा चष्मा लावून गोधडी डोळ्यांजवळ नेली.

"सुरुवातीले लंबे लंबे टाके घेतले जी तुमी. रस्ता मोकळा भेटला होता काय?"

हसू फुटलं. सगळ्याच हसल्या. विमलही, डोळे पुसत. आनंदाबाई म्हणाल्या, "इकडे बसा. पुरुष मानसानं माह्यासाठी काई शिवलं, हे माह्या जन्मात नाई झालं. मालक होते तरी नाई." आणि माझ्या हातात तिळगूळ ठेवला.

मग त्यांनी विमलचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ धरून ठेवला. बोलणं दुसऱ्या कशाचं चाललं होतं, पण त्यांची नजर त्या हातावर.

ऑटोत बसवताना मला जवळ बोलावलं. हळू म्हणाल्या, "मोडलेला हात दुखते, थकते. असा हालत नाई. हिले मोठ्या डॉक्टरले दाखवजा. उशीर करू नका."

२१ जानेवारी

विमलला सांगितलं. ती म्हणाली, काही गरज नाही. मी नंबर लावून आलो.

२६ जानेवारी

नानाजीला नात झाली. पेढे घेऊन आला. जाताना दारात घुटमळला.

"प्रभाकर, पोरीसाठी एखांदी लहान वाकळ शिवून देशीन का?"

"त्यासाठी बांगड्या भराव्या लागतात, कोण म्हणालं होतं?"

"थे मी म्हनलो होतो."

तुकडे मी निवडतोय. विमल म्हणते, पिवळा घ्या, पोरीच्या अंगाले पिवळा मऊ दिसते. तिनं कात्री हातात घेतली होती. कापड सरळ धरता येईना. कात्री माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. मी पिवळं कापड उचललं. कापलं.

२ फेब्रुवारी

उद्या दवाखाना. दोघांनाही भूक नव्हती. वरण-भात केला, उरला.

३ फेब्रुवारी

कंपवात आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं, गोळ्या लिहून दिल्या. बरा होत नाही, सांभाळता येतो. त्यांनी विचारलं, हात कधीपासून हलतो? मी म्हणालो, पडल्यापासून.

विमल म्हणाली, "नाई. मागच्या उन्हाळ्यापासून."

बाहेर आलो. बाकावर बसलो. मी विचारलं, मला सांगितलं काऊन नाही.

"सांगतलं असतं तं तुमी गोया आनून देल्या असत्या, अन् चौकात गेले असते. हात मोडला, मले बहाणा भेटला. बिछान्यावर पडल्या पडल्या म्हनलं, आता शिकवून घेतो तुमाले. माहे हात चालून राह्यले तवापर्यंत."

"गोधडी शिवायला?"

"गोधडी कायले," विमल म्हणाली. "माह्याजवळ बसाले."