अ‍ॅफिडेव्हिटमधल्या माझ्या दोन ओळी

आई, सोमवारी मला मावशीबरोबर अंधेरीला वकील मॅडमच्या ऑफिसात जायचंय. कोर्टाच्या कागदावर सही करायला. माझ्या दोनच ओळी आहेत. त्या खऱ्या आहेत असं शपथेवर सांगायचं, बस. पण त्यातली एक खरी नाहीये, आणि ते मावशीलापण माहीत नाही, मॅडमलापण नाही. चार दिवस झाले, माझ्या पोळ्या वाकड्या येतायत.

तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता एकोणीस. मधलं तुला काहीच माहीत नाही ना. मामाने मला गावी नेलं. तिथे वर्गात उभं केलं की माझ्या तोंडातून आवाजच यायचा नाही. नववीत होते, एक दिवस शाळेला जाते सांगून एसटीत बसले ती बोरिवलीला उतरले. मावशीने का आलीस म्हणून विचारलं नाही. "हात धू आणि लाटायला बस," एवढंच म्हणाली. मामा दोनदा फोनवर ओरडला, मग तोपण थकला. तेव्हापासून पोळी-भाजी केंद्रात मी तुझ्या जागेवर बसते. मी लाटते, ती भाजते. तुमच्यासारखं जमत नाही अजून. तुझी पोळी लाटून व्हायची आणि तिचा हात तिथे आलेला असायचा, न बघता. माझ्या वेळी एकतर ती थांबते नाहीतर पोळी थांबते.

केंद्राला सुट्टी असली की घरी तू खाली बसलेली असायचीस आणि मावशी मागे खुर्चीवर, तुझ्या डोक्याला तेल लावत. मी समोर पाटीवर चित्रं काढतेय. तू म्हणतेस, "किती त्याल ओततंस गो, माका तळतलंस काय?" मावशी म्हणते, "तळून तरी गोड बोलशील." मग तू हसतेस आणि डोकं तिच्या गुडघ्यावर टाकतेस. तुम्ही एकमेकींच्या कोण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मला कळत होतं. घरात तीन माणसं आहेत, एवढं साधं होतं ते.

मध्ये दिल्लीच्या मोठ्या कोर्टात केस चालली होती. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता येत नाही, ते करू द्या म्हणून लोक भांडायला गेले होते. फोनवर दिसायचं सगळं. मावशी पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची. इंग्लिश होतं, आम्हाला दोघींना काही कळत नव्हतं, तरी लावायची. भाजी करणारी काकू वैतागायची, "काय लावलंय हे रोज?"

"क्रिकेट," मावशी म्हणाली.

"काळ्या कोटातलं?"

"अंपायर बदललेत."

निकाल आला तेव्हा मी मराठी बातम्या लावल्या आणि ऐकून तिला सांगितलं. नाही म्हणाले.

"नाही म्हणजे काय म्हणाले?"

"एकत्र राहा, त्याला ना नाही म्हणाले. लग्नाचा कायदा करायचा तर सरकारने करावा, आमचं काम नाही."

"एकत्र राहायला यांना विचारलं होतं कोणी?" मावशी म्हणाली आणि पोळी उलटली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग इतके दिवस बोलत काय होते?" त्या दिवशी डबे वेळेवर गेले. नंतर त्या लोकांनी परत एकदा विचार करा म्हणून अर्ज केला, तोपण नाही झाला. ते मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मला कुठे आता करायचंय. जिच्याशी करायचं ती गेली. तू मीठ बघ."

वकील मॅडम आमच्याकडून डबा न्यायची. शेगडीच्या वर तुझा फोटो आहे, तो बघून तिने विचारलं ह्या कोण. मावशी कोणाला काही सांगत नाही, तुला माहितीये. पण त्या दिवशी म्हणाली, "माझी बायको म्हणा. म्हणायला कोण अडवतंय." मॅडम डबा खाली ठेवून बसलीच. ती नवीन केस करतेय, इथे मुंबईत. ती म्हणते, लग्न मिळेल तेव्हा मिळेल, पण लग्न नाही म्हणून नातंच नाही असं म्हणता येणार नाही. निदान हॉस्पिटलात आत सोडा, सही घ्या, गेलेल्या माणसाला शेवटचं बघू द्या. ज्यांच्यावर ही वेळ आली अशी माणसं तिला हवीत. मावशी तयार झाली. आणि तुझ्या वेळी हॉस्पिटलात असलेली दुसरी मीच, म्हणून मीपण.

ऑफिसात मॅडमने मला विचारलं, "यांना अडवण्याआधी सिस्टरनी कोणाकडे काही चौकशी केली होती का? आठवतंय?" मी मान हलवली. मोठ्या माणसाने समोरून विचारलं की माझं तसंच होतं. नाही म्हणून हलवली की आठवत नाही म्हणून, ते मलाच माहीत नाही. तिने लिहिलं, मी तेव्हा तिथे होते. कोणतीही चौकशी न करता माझ्या मावशीला बाहेर ठेवण्यात आले.

परत येताना मावशी रिक्षात म्हणाली, "आठ वर्षांनी कोणीतरी लिहून घेतलं गं." तिचा चेहरा एवढा मोकळा मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

चौकशी केली होती, आई. मावशी औषधं आणायला खाली गेली होती. सिस्टर आयसीयूच्या दारात आली आणि मला विचारलं, "मघाची बाई तुझी कोण लागते?" मी म्हटलं, "शेजारी राहते." तिने वॉचमनला सांगितलं, नातेवाईक येईपर्यंत कोणाला सोडू नको. मावशी औषधं घेऊन आली ती जिन्यातच अडली. दुसऱ्या दिवशी मामा येईपर्यंत जिन्यात होती. तोपर्यंत तू गेली होतीस. मामाने तुला तिकडूनच गावी नेलं, गाडीत तिला जागा दिली नाही. ती त्या सिस्टरला अजून शिव्या देते. मी ऐकते आणि लाटते.

सोमवारी मॅडमला ती ओळ बदलायला सांगणार आहे. चौकशी केली होती, माझ्याकडे केली होती, असं लिहा म्हणणार. त्याने केस बिघडते की काय, मला नाही कळत. पण त्याआधी मावशीला घरी सांगावं लागेल, तिथे मॅडमसमोर तिने ऐकायला नको. ती काय करेल माहीत नाही. ओरडली तर चालेल. काहीच बोलली नाही तर काय करू? तिला वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला बसले होते, आणि लिहिलं तुला. तू काही विचारणार नाहीस ना, म्हणून. हा कागद कोणाला देणार नाही.

आठ वर्षं मी मनात ते उत्तर तुझ्यावर ढकलत आलेय. कारण ते तूच शिकवलं होतंस. घरमालक, शाळेतल्या बाई, गावचं माणूस, कोणीही विचारलं तर शेजारी राहते म्हणून सांग. मी शहाण्या मुलीसारखं सांगायची. हॉस्पिटलातपण तेच बोलले, असं मी स्वतःला सांगते. पण तसं नाहीये. तिथे खरं सांगायचं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाजूच्या बाकड्यावर माझ्या वर्गातल्या मुलीची आई बसली होती आणि ती ऐकत होती. मला तुमची लाज वाटली.